सुधारून वाढवलेली

अण्णांनी हाक मारली तेव्हा मी भाकरी थापत होते. "बाई, जरा इकडं ये. हे बघ काय छापलंय." हाताला पीठ तसंच ठेवून मी बाहेर गेले. अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले होते. हातात ई-रीडर, आणि बोट एका ओळीच्या जरा वर अधांतरी धरलेलं, कारण टेकवलं की पान उलटतं हे त्यांना आता पाठ झालंय. मी वाचलं : 'बालाघाटाच्या दर्यांमधून वाहणारे ओढे.'

"बालाघाटात दर्या कुठून आला?" अण्णांनी विचारलं.

छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाचा हा प्रश्न होता. आम्ही अंबाजोगाईला राहतो. आमचं गावच बालाघाटाच्या डोंगरांवर आहे. इथे दऱ्या आहेत, पुष्कळ आहेत, पण दर्या नाही.

"मागच्या आठवड्यात हेच पान वाचलंय मी," ते म्हणाले. "तेव्हा दऱ्याच होत्या."

मला वाटलं, वयाप्रमाणे आठवण चुकत असेल. चुकत नव्हती. आदल्या रात्री त्या यंत्राने माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून अपडेट उतरवून घेतलं होतं आणि आपलं आपण बंद होऊन पुन्हा चालू झालं होतं. सकाळी अण्णांनी उघडलं तर पहिलं पानच बदललेलं. पूर्वी पुस्तकांच्या नावांची साधी यादी यायची, तिथे आता मुखपृष्ठांच्या रांगा आणि खाली 'तुम्हाला आवडतील अशी' पुस्तकं. सेटिंगमध्ये एक नवी पट्टीही आली होती : अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त करा. आणि या सगळ्यात कुठेतरी आमच्या दऱ्यांचा दर्या झाला होता.

अण्णांचं वाचन थांबलं होतं ते दिवस मी विसरलेले नाही. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, तरी उजव्या डोळ्याच्या पडद्याचं दुखणं राहिलंच. भिंग घेऊन बसायचे. अर्ध्या पानावर मान आखडायची, मग पुस्तक छातीवर उपडं ठेवून नुसते पडून राहायचे. आयुष्यभर रोज वाचलेल्या माणसाचं ते पडून राहणं घरातल्या कुणालाच बघवत नव्हतं. माझ्या भाच्याने पुण्याहून हे यंत्र आणलं तेव्हा त्यांनी पहिला दिवस नुसता पडदा निरखण्यात घालवला. भाच्याने त्यांना आतली रचना समजावून सांगितली : डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कुप्या, प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, विजेचा भार बदलला की काळे वर येतात किंवा तळाला जातात. एकदा अक्षर उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केलं की कित्येक दिवस चालतं. आमच्या भागात उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते हे ज्याला माहीत आहे त्याला या गोष्टीची किंमत कळेल. "म्हणजे पाटीच की ही," अण्णा म्हणाले. पुढे कधी आधीच्या पानाची पुसट सावली पडद्यावर राहिली की ते म्हणायचे, "पाटी नीट पुसली गेली नाही," आणि भाच्याने दाखवलेलं पान ताजं करण्याचं बटण दाबायचे.

अक्षर इतकं मोठं केलं की पानावर जेमतेम आठ ओळी मावतात. त्या आठ-आठ ओळींनी त्यांनी दोन वर्षांत जे वाचलं ते डोळे धड असताना दहा वर्षांत वाचलं नसेल. म्हणून या यंत्रातली चूक मला एखाद्या वस्तूतली चूक वाटत नाही. ती आमच्या घरात घडते.

आता माझं काम सांगायला हवं. मी मुद्रितशोधक. गावातल्याच एका छापखान्यात मी लागले तेव्हा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे शेवटचे दोन जण अजून कामावर होते. पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी आली, तिच्यासाठी पेजमेकर आणि श्रीलिपी ही सॉफ्टवेअरं आली, मग युनिकोड हे सगळ्या लिप्यांसाठीचं समाईक मानक आलं. तपासायच्या प्रुफांवरची लाल शाई बोटांवरून गेली, पण नजर तीच राहिली. त्यामुळे अपडेटसोबत बदलांची जी छोटी यादी येते ती मी जुन्या सवयीने शेवटाकडून वाचते. पहिल्या तीन ओळी नव्या सुविधांच्या होत्या, प्रत्येकीला स्वतःचं नाव आणि वर्णन. चौथी ओळ : 'कामगिरीत सुधारणा आणि इतर किरकोळ दुरुस्त्या.' कोणत्या दुरुस्त्या, ते नाही. किती, तेही नाही.

आमच्या धंद्यात चुकांना असं एका ओळीत गुंडाळायची पद्धत नव्हती. पुस्तक बांधून झाल्यावर चूक सापडली तर शुद्धिपत्र छापलं जायचं : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. चार रकाने. लेखकाला लाज वाटायची, मालकाला खर्च वाटायचा, तरी ते छापून पुस्तकात चिकटवायचे. आणि दुसरी आवृत्ती निघाली की आतल्या पानावर एक ठरलेलं वाक्य असायचं : 'सुधारून वाढवलेली आवृत्ती.' हे दोन शब्द मी हजार वेळा वाचून पुढे गेले असेन. त्यांचा क्रम त्या रात्री प्रथम डोळ्यात भरला. आधी सुधारणं आहे, मग वाढवणं. 'वाढवून सुधारलेली' असं मी कुठल्याच पुस्तकावर पाहिलेलं नाही.

या र-बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे. 'दर्या'तला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'दऱ्या'तला र पापणीच्या केसासारखा आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. आचार्यास दक्षिणा दिली आणि आचाऱ्यास दक्षिणा दिली यांत एक गुरुजी आहेत आणि एक स्वयंपाकी, हे उदाहरण शाळेत सगळ्यांनी ऐकलंय. छापखान्यात खिळ्यांच्या काळात या आडव्या र-चा वेगळा खिळा होता. जुन्या डीटीपी फॉन्टमध्येही त्याला वेगळी जागा होती. बोटाने जे दाबलं तेच कागदावर यायचं. युनिकोडचं तसं नाही. तिथे अक्षराचं चित्र साठवलं जात नाही, चिन्हांचा क्रम साठवला जातो आणि चित्र कसं काढायचं ते वाचणाऱ्या यंत्रातलं सॉफ्टवेअर ठरवतं. हा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडल्याचं चिन्ह. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य चिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. रुंदी शून्य, आकार नाही, काम मात्र आहे : 'इथे रफार करू नको' एवढंच ते सांगतं. आता कुणी प्रोग्रॅम लिहिताना 'दिसत नाही म्हणजे कचरा' असं समजून ते चिन्ह गाळून टाकलं, की मागे र, हलन्त आणि य उरतात. त्यांचा दर्या होतो.

अण्णांच्या यंत्रात असंच काही झालं असावं. ज्या पुस्तकांत पहिली तऱ्हा वापरली होती ती ठीक होती. दुसऱ्या तऱ्हेची सगळी बिघडली. हे मी दोन रात्री बसून आठ पुस्तकं ताडून पाहिली तेव्हा कळलं.

आणि यात आणखी एक मेख आहे. हिंदीत हा र नाही. मराठीत आहे, कोकणीत आहे, नेपाळीत आहे. देवनागरी नीट दिसते का हे तपासायला हिंदी वाचणारा माणूस बसवला तर त्याला पान स्वच्छ दिसेल आणि तो मनापासून 'ठीक आहे' म्हणून सही करेल. त्याची चूक नाही. त्याच्या डोळ्यांना ते अक्षर माहीतच नाही.

रविवारी भाच्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो पुण्यात ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, ई-रीडरशी त्यांचा संबंध नाही, पण कारखाना आतून कसा चालतो हे त्याला ठाऊक आहे.

"आत्या, तुझी दुरुस्ती कदाचित दोन ओळींची असेल," तो म्हणाला. "पण रांगेत शेकडो तक्रारी असतात. ॲप बंद पडतं, पुस्तक उघडत नाही, पैसे कापले गेले आणि पुस्तक आलं नाही, हे पहिल्या नंबरचे बग. अक्षर वेगळं दिसतं हे चौथ्या नंबरचं."

"अर्थ बदलतो, तरी चौथ्या?"

"अर्थ बदलतो हे कळायला मराठी यावं लागतं ना. रांग लावणाऱ्याला ती येत नसेल तर त्याच्यासाठी तो एक वाकडा र आहे."

मग त्याने पैशाचं गणित मांडलं. यंत्र एकदाच विकलं जातं. पुढची कित्येक वर्षं अपडेट फुकट. म्हणजे जे लोक आज दुरुस्ती करतात त्यांचा पगार उद्याच्या विक्रीतून यायचा असतो, आणि उद्याची विक्री नव्या सुविधेवर होते. शिफारशींच्या रांगेतून चार पुस्तकं खपतात. र सरळ केल्याने किती खपली, हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. वर दुरुस्तीत धोका असतोच. फ्रेड ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ मध्ये लिहून ठेवलंय की एक दोष काढताना नवा दोष घुसण्याची शक्यता वीस ते पन्नास टक्के असते. "त्यामुळे चालतंय ते हलवायला कुणी तयार नसतं," भाचा म्हणाला. एक सांधावं तर तेरा तुटतात, हे आमच्या आजीने गोधड्या शिवताना सांगितलेलं. मला ब्रुक्सचं म्हणणं पटायला वेळ लागला नाही.

पण मग हिशेब पुरता करायला हवा. दोष काढताना जर नवे दोष घुसतात, तर नवी सुविधा आणताना किती घुसत असतील? अक्षरांमधल्या अंतराची ती पट्टी घ्या. रोमन लिपीत अक्षरं सुटी असतात, त्यांच्यामध्ये थोडी जागा वाढवली की कमकुवत डोळ्यांच्या माणसाला वाचायला सोपं जातं. कुणीतरी चांगल्या हेतूनेच ती केली असणार. देवनागरीत ती ओढली की शिरोरेषा तुटते. शब्दाचे तुकडे होतात, वेलांटी एकीकडे आणि काना दुसरीकडे. अण्णांनी कुतूहलाने ती पट्टी ओढली आणि दोन दिवस त्यांना वाटत राहिलं की डाव्या डोळ्यालाही काही झालं. ते कुणाला बोललेसुद्धा नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. त्या दोन दिवसांबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. ज्याने पट्टी केली त्याने एक मराठी पान उघडून पाहायला हवं होतं. एकच पान.

धाकटा भाऊ शेती करतो. त्याच्यापुढे हा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "पेरणी दोन दिसाची असती, आक्का. त्या दोन दिसांत समदे वावरात असतेत. नंतरचं कोळपणं, खुरपणं कुणाच्या ध्यानातच नसतंय." सोयाबीन शंभरेक दिवसांचं पीक. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी कोळपं धरायचं, मग खुरपणी, मग पुन्हा कोळपणी. त्या दिवसांत शेतात नवीन काही दिसत नाही. तण निघतं, माती भुसभुशीत होते, ओल टिकते. ज्याने खुरपलं नाही त्याचं रान लांबून जास्त हिरवं दिसतं.

भाच्याला हे फार आवडलं. त्याने सांगितलं की लिनक्स, म्हणजे जगातल्या बहुतेक सर्व्हरच्या आणि अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेलं सॉफ्टवेअर, जवळजवळ याच वेळापत्रकावर चालतं. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती. पहिले दोन आठवडे नवीन कामं आत घ्यायची. मग दार बंद. पुढचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्ती, दर आठवड्याला एक कच्ची प्रत काढून ती लोकांना तपासायला द्यायची. दोन आठवडे पेरणी, सात आठवडे खुरपणी. भावाने हे ऐकलं आणि विचारलं, "मंग ह्या पुस्तकाच्या डबीवाल्यांना का जमत नसंल?" त्याला उत्तर देता आलं नाही.

जमतं, काही जणांना. संगणकावर ई-पुस्तकं सांभाळणारं कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर मी रोजच्या कामात वापरते. कोविद गोयल यांनी ते २००६ मध्ये सुरू केलं. त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर जी यादी येते तिच्यात नव्या सुविधांचा एक भाग असतो आणि दुरुस्त्यांचा वेगळा. काय मोडलं होतं आणि काय जोडलं, ते एकेका वाक्यात लिहिलेलं असतं. मी ती यादी शुद्धिपत्रासारखी वाचते. कितीतरी दुरुस्त्या माझ्या कामाच्या नसतात. तरी कुणीतरी कुठेतरी एवढ्याशा गोष्टीसाठी थांबलं होतं, हे वाचून बरं वाटतं.

याहून टोकाचं उदाहरण डोनाल्ड कनूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाचं. १९७७ मध्ये त्यांच्या एका ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं हातात आली. छपाईचं तंत्र बदललेलं होतं आणि अक्षरं त्यांना बघवेनात. तो गणिती माणूस पुस्तक बाजूला ठेवून अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहायला बसला. त्याचं नाव टेक. १९९० मध्ये त्यांनी जाहीर केलं की यात आता नवीन काही येणार नाही, इथून पुढे फक्त चुका दुरुस्त होतील. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा आकडा पाय या संख्येच्या एक अंक जवळ सरकतो. २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ आहे. आपल्या पुस्तकांतली चूक दाखवून देणाऱ्याला ते २००८ पर्यंत २.५६ डॉलरचा धनादेश पाठवायचे आणि तो वटवण्याऐवजी लोक चौकटीत घालून भिंतीवर लावायचे. प्रुफं न बघवल्यामुळे कामाला लागलेला माणूस म्हणून मला ते आपल्या धंद्यातले वाटतात.

इथवर लिहून मी थांबले असते तर 'नवीन काही नको, आहे ते नीट करा' एवढंच म्हणणं झालं असतं. कित्येक दिवस माझं मत तेच होतं. ते बदललं याच टेकमुळे. कनूथ यांनी दार बंद केलं तेव्हा आपली लिपी घराबाहेर होती. मूळ टेकला युनिकोड कळत नाही, जोडाक्षरांचे नियम कळत नाहीत. मराठी मजकूर सरळ टंकित करून नीट जुळवायचा तर त्याच्यावर दुसऱ्यांनी पुढे बांधलेली सॉफ्टवेअरं लागतात, २००४ मध्ये आलेल्या झीटेकसारखी. ज्यांचं सगळं सामान आत आलंय त्यांनी 'आता दार लावू' म्हणणं सोपं आहे.

आणि मग मला प्रश्न पडला की सुविधा कशाला म्हणायचं आणि दुरुस्ती कशाला? ॲमेझॉनचं किंडल हे ई-रीडर यंत्र जगात आलं नोव्हेंबर २००७ मध्ये, भारतातल्या दुकानांत आलं २०१२ मध्ये. त्यावर मराठी पुस्तकं रीतसर आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. नवी सुविधा म्हणूनच तिचं स्वागत झालं. मीही आनंदाने चार जणांना फोन केले होते. आज वाटतं, ती सुविधा कुठे होती? वाचायचं यंत्र, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटी ३० लाख लोकांची भाषा त्यात वाचता येत नाही, हा दोष होता. तो नऊ वर्षांनी काढला. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. तोवर बँक लिहिता यायचं पण ॲसिड लिहायचं तर अ-वर चंद्र ओढूनताणून बसवावा लागायचा, आणि जुन्या फॉन्टमध्ये तिथे रिकामा चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ उमटायचं. मानकाच्या कागदोपत्री ते 'नवीन अक्षर' आहे. बालभारती शिकलेल्या मुलासाठी ते हरवलेलं अक्षर परत मिळणं आहे.

म्हणजे नवीन काय आणि मोडलेलं काय, याची रेघ जो यादी करतो तो आपल्या उंबऱ्यावरून ओढतो. त्याच्या उंबऱ्याच्या आत जे बिघडतं ती दुरुस्ती. आमच्याकडे जे कधी चाललंच नाही, ते चालू केलं की सुविधा. मला या दोन रकान्यांतलं भांडण नको आहे. त्यात आणखी एक प्रश्न विचारला जावा, एवढीच माझी मागणी आहे : हे नसल्यामुळे कुणाचं वाचन अडलंय? मुखपृष्ठांच्या रांगा नव्हत्या तेव्हा अण्णांचं काही अडलं नव्हतं. पिवळसर उजेड आपोआप कमी-जास्त होण्याची सोय मागच्या वर्षीच्या एका अपडेटने आली, ती मात्र त्यांचं रात्रीचं वाचन तासाभराने वाढवून गेली. ती नवी सुविधा होती आणि तिच्यासाठी मी दोन बग सहन करायला तयार आहे. र-चा मात्र त्या दोनांत नंबर नाही.

अण्णांचं या बाबतीतलं मत माझ्याहून जुनं आहे. ते एका संध्याकाळी त्यांनी पैठणवरून सांगितलं.

आमच्या घरात नाथषष्ठीला पैठणला जायची रीत आहे. आता अण्णांना जाववत नाही. या वर्षी ते घरीच यंत्रावर ज्ञानेश्वरी उघडून बसले. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितलेला ग्रंथ. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं तो हातांनी उतरवला गेला. उतरवणाऱ्याची झापड, ऐकणाऱ्याचा कान, गावोगावची बोली, कुणाला एखादी ओवी अपुरी वाटली तर त्याने पदरची घातलेली, असं साचत गेलं. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी वेगवेगळ्या प्रती जमवून, ताडून, शुद्ध प्रत सिद्ध केली. 'ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध, परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध' असं त्यांनी स्वतःच शेवटी लिहून ठेवलं : मूळ चोख आहे, बिघाड प्रतींमधला आहे. मी शाळेत हे पाठ केलं होतं. मुद्रितशोधक झाल्यावर त्यातली ताकद कळली. ज्या माणसाच्या एकट्या भागवतातच स्वतःच्या अठरा हजारांवर ओव्या आहेत, तो दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावतो तेव्हा त्यात आपली एकही मिसळत नाही. उलट बजावतो की यात जो कुणी आपली ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा.

"वाच ती ओवी," अण्णा म्हणाले आणि यंत्र माझ्या हातात दिलं.

मी वाचायला लागले. 'ज्ञानेश्वरीपाठीं, जो ओंवी करील' आणि तिथेच अडखळले. पडद्यावर होतं 'मर्हाटी'. रफार ह-च्या डोक्यावर. मऱ्हाटी लिहायला लागणारा तोच आडवा र, तेच अदृश्य चिन्ह गाळलेलं. चुकीची प्रत शुद्ध करणाऱ्या माणसाच्या ओवीत, आमच्या भाषेचं नावच अशुद्ध होऊन बसलं होतं.

अण्णा काही बोलले नाहीत. उशीखालून त्यांनी एक शंभरपानी वही काढली. मला ती माहीत नव्हती. पेन्सिलीने, मोठ्या थरथरत्या अक्षरात, पट्टीने आखलेले चार रकाने : पुस्तक, ठिकाण, अशुद्ध, शुद्ध. अपडेट आल्यापासून वाचताना जे जे खटकलं ते सगळं त्यात उतरवलेलं होतं. एकतीस नोंदी. एक नंबरला दऱ्या. तीन नंबरला वेगळीच तक्रार : पानाच्या शेवटच्या ओळीतले उकार कापले जातात, 'कुळ' आणि 'कळ' सारखंच दिसतं. "आमच्या वेळी शुद्धिपत्र लेखकाला पाठवायचे," ते म्हणाले. "हे कुठं पाठवायचं?"

त्या रात्री मी आणि भाच्याने मिळून कंपनीला तक्रार लिहिली. तो फोनवर, मी इथे. पहिला खर्डा माझा होता आणि रागाचा होता. त्याने तो बाजूला ठेवायला लावला. "आत्या, दुरुस्त करणाऱ्याला तुझा राग नको, पायऱ्या हव्यात." मग प्रुफात लिहितात तसं लिहिलं. कोणती आवृत्ती. कोणतं पान. काय दिसायला हवं, काय दिसतं, दोन्हींची चित्रं. कुठली चिन्हं कुठल्या क्रमाने साठवलेली आहेत. मराठीखेरीज कोकणी आणि नेपाळीलाही हेच होत असणार. अपडेटच्या आधी हे बरोबर होतं, हे वाक्य भाच्याने सगळ्यात वर घ्यायला सांगितलं, कारण चालणारी गोष्ट मोडली असेल तर तिचा नंबर रांगेत वर लागतो. शेवटी मी अण्णांच्या वहीतली एकतीस उदाहरणं जोडली. उत्तर आलं चार दिवसांनी, दोन ओळींचं : तुमची माहिती संबंधित विभागाकडे पाठवली आहे.

श्रावण गेला, गौरी-गणपती झाले. सोयाबीन काढून झालं. मध्ये एक अपडेट आलं, त्यात पुस्तकांचे गट करायची नवी पद्धत होती आणि दर्या तसाच होता. अण्णांनी मला विचारलं नाही. दसऱ्यानंतर आणखी एक आलं. यादीत तीन नव्या सुविधा आणि शेवटी तीच ओळ : 'कामगिरीत सुधारणा आणि इतर किरकोळ दुरुस्त्या.' मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले, पुस्तक उघडलं, पान शोधलं.

'बालाघाटाच्या दऱ्यांमधून वाहणारे ओढे.'

मग ज्ञानेश्वरी उघडली. मऱ्हाटी. र आडवा, ह-ला चिकटलेला, जिथल्या तिथे. त्या किरकोळमध्ये आमचा र होता. कुणी केलं हे, कोणत्या गावात बसून, त्याला मराठी येते का, काहीच कळायला मार्ग नाही. मी यंत्र अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते डाव्या डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. मग वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि पट्टी लावून एक नंबरच्या नोंदीवर सरळ रेघ ओढली.

"तीन नंबर बघ बरं," ते म्हणाले. "शेवटच्या ओळीतले उकार."

मी पान शेवटपर्यंत पाहिलं. उकार अजून कापलेलेच होते.

"मग ते लिहायचं राहिलंय," असं म्हणून अण्णा पलंगावर जरा सरकले आणि मला बसायला जागा करून दिली.